सर्व्हरची दुसरी प्रत ठेवायची कुठं? (बेळगाव–खानापूर–निपाणी)

रामलिंगखिंडकर | १४ मे, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बेळगावातल्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे. हुद्दा अकाउंटंटचा. पण बारा वर्षांपूर्वी एकदा प्रिंटरमधला अडकलेला कागद काढून दिला, तेव्हापासून संस्थेचे सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहेत. मुख्य ऑफिस शहरात, शिवाय सात शाखा. सर्व्हर एकच, मुख्य ऑफिसात, जिन्याखालच्या खोलीत.

गेल्या शुक्रवारी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि नेटवर्कच्या स्विचची चार पोर्टं गेली. सोबत नॅसही गेला, म्हणजे ज्या पेटीत रोज रात्री सर्व्हरची प्रत जाते ती पेटी. सर्व्हर मात्र वाचला. उलटं झालं असतं तरी चाललं असतं असं मी सगळ्यांना सांगत होतो. मग रात्री झोप लागेना, कारण दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आहेत. दोन्ही एकदम गेली असती तर?

संचालक मंडळात विषय ठेवला. अध्यक्ष म्हणाले, "निपाणी शाखेत एक पेटी ठेवा, आपलीच जागा आहे, भाडं नाही." दुसरे एक संचालक म्हणाले, "गूगल ड्राइव्हवर टाका की, माझी नातवंडं सगळं तिथंच टाकतात." चहा आला, विषय संपला. पुढच्या बैठकीत मला ठोस काहीतरी मांडायचं आहे.

माहिती: एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस ४० जीबी, स्कॅन केलेली कर्जाची कागदपत्रं ६०० जीबी. रोजची वाढ जास्तीत जास्त ३ जीबी. लाइन फायबरची, वर चढवायचा वेग ५० एमबीपीएस, खाली उतरवायचा १००. सध्या मी दर शनिवारी एक हार्डडिस्क पिशवीत घालून शहापूरला घरी नेतो, सोमवारी परत आणतो. अंतर चार किलोमीटर.

---

उद्यमबाग_सीएनसी | १४ मे, रात्री १०:५०

आधी एक सांगा. सोमवार ते शनिवार ती डिस्क कुठं असते?

---

रामलिंगखिंडकर | १४ मे, रात्री १०:५४

सर्व्हरलाच लावलेली असते. रोज त्यावरही कॉपी होते.

---

उद्यमबाग_सीएनसी | १४ मे, रात्री ११:२०

मग ती प्रत नव्हे गा, सर्व्हरचंच शेपूट ते.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये झालेलं सांगतो. नाव विचारू नका, माणूस रोज भेटतो. ड्रॉइंगं, मशीनचे प्रोग्रॅम, वीस वर्षांची नमुन्यांची मापं, सगळं एका सर्व्हरवर. यूएसबी डिस्क कायम लावलेली, शिवाय नॅस. एका सोमवारी सकाळी सगळ्या फायलींच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी: पैसे भरा. सर्व्हरवर तेच, डिस्कवर तेच, नॅसवरही तेच. नॅसला पासवर्ड होता की, पण सर्व्हरच्या ॲडमिनचाच पासवर्ड तिथं ठेवलेला. चोराला एक किल्ली मिळाली आणि तिन्ही कुलपं उघडली.

त्याचं काय वाचलं माहितंय? एका ऑपरेटरनं स्वतःच्या सोयीसाठी पेनड्राइव्हवर घेतलेले सत्तर-ऐंशी प्रोग्रॅम. तो पोरगा अजून शेडमध्ये मान ताठ करून फिरतो.

त्यानंतर मी माझ्याकडं उलटी व्यवस्था केली. आधी सर्व्हर प्रत ढकलायचा, आता बॅकअपची पेटी येऊन ओढून नेते. तिच्याकडं सर्व्हरवर फक्त वाचायचा परवाना आहे. सर्व्हरला तिचा पासवर्ड माहीतच नाही. सर्व्हर उद्या बाटला तरी पेटीत शिरायची वाट त्याच्याकडं नाही.

---

वेदगंगेकाठची | १५ मे, सकाळी ७:०५

निपाणीचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी इथलीच, माहेर यमगर्णी.

ऑगस्ट २०१९ आठवतो का? वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं, रस्ता कित्येक दिवस बंद. तिकडं पंचगंगेनं शिरोलीला तोच हायवे अडवलेला. मधे जे अडकले ते अडकलेच, ट्रकवाल्यांना गावोगावच्या लोकांनी जेवण पोचवलं. जुलै २०२१ ला पुन्हा तेच.

"निपाणी बुडते" असं मात्र कुणी लिहू नका. गाव उंचावर आहे, रस्ता बुडतो. तुमची पेटी इथं सुखरूप राहील. प्रश्न इतकाच की तुमचं बेळगाव अडचणीत असेल नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही इथं पोचणार कसे? नेटवरून आणायचं म्हटलं तर टॉवरची बॅटरी संपलेली, डिझेल घेऊन जाणारी गाडी पाण्यापलीकडं उभी.

---

पंचगंगा_घाट | १५ मे, सकाळी ८:३०

मग कोल्हापूरला ठेवा की! आमचं दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे, एक पेटी सहज मावेल. एकशेदहा किलोमीटर. दुसरं राज्य, दुसरी वीज कंपनी. ह्याहून लांब काय पाहिजे?

---

वेदगंगेकाठची | १५ मे, सकाळी ८:४५

दादा, वरचा प्रतिसाद वाचलात का? शिरोली तुमचीच.

---

मार्कंडेय_पार | १५ मे, दुपारी १:१५

हा मुद्दा जरा पसरून लिहितो, कारण बहुतेक लोक इथंच फसतात. नकाशा काढून बघा. पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा. सगळ्या सह्याद्रीच्या एकाच पट्ट्यात उगवतात आणि सगळ्या शेवटी कृष्णेलाच मिळतात. घाटमाथ्यावर चार दिवस झड लागली की सातही नद्या एकाच आठवड्यात फुगतात. कोल्हापूर आणि बेळगाव ह्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे, पण ढग कोगनोळीच्या नाक्यावर थांबत नाहीत. २०१९ मध्ये गोकाक आणि कोल्हापूर एकाच वेळी पाण्यात होतं.

म्हणून "किती किलोमीटर" हा प्रश्न अपुरा पडतो. एका कागदावर उभं लिहा: पूर, वीज पडणं, आग, चोरी, व्हायरस, लाइन तुटणं, माणसाची चूक, रस्ता बंद. आडवं लिहा: प्रत कुठं कुठं आहे. एकाच कारणानं दोन जागा बाद होत असतील तर ती एकच जागा धरा. शहापूरचं घर आगीत टिकेल, व्हायरसमध्ये टिकणार नाही. निपाणी आगीत आणि चोरीत टिकेल, पुरात हाताशी लागणार नाही.

आणि आपल्या भागासाठी एक जास्तीची ओळ: सीमा. २०२१ ला कोगनोळीला आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या. पुण्यातल्या कुठल्या पुस्तकात हे संकट म्हणून छापलेलं नसेल, आपल्याला मात्र धरून चालावं लागतं.

---

कुंदा_प्रेमी | १५ मे, दुपारी २:०२

सीमाप्रश्न निघालाच आहे तर धाग्याच्या नावात बेळगाव का लिहिलंय, सरकारी नाव बेळगावी आहे ना

---

रामलिंगखिंडकर | १५ मे, दुपारी २:१०

हात जोडतो. त्यासाठी दुसरे पन्नास धागे आहेत, इथं नको. इथं हार्डडिस्क.

---

टेपवाले_काका | १५ मे, रात्री ९:३५

मी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालो. आमच्या वेळी टेप असायची, कॅसेटसारखी. रोज संध्याकाळी एक टेप भरायची, शिपाई ती लोखंडी पेटीतून दुसऱ्या शाखेच्या लॉकरात नेऊन ठेवायचा. वहीत सही. सहा वर्षं एक दिवस खाडा नाही. ऑडिटवाले वही बघून खूश.

मग एक दिवस टेप ड्राइव्ह बिघडली. नवीन आणली आणि जुनी टेप घातली. वाचेना. दुसरी, तिसरी, वाचेना. जुन्या ड्राइव्हचं हेड कधीचं तिरकं झालेलं होतं. तिनं लिहिलेलं तिचं तिलाच वाचता यायचं, दुसऱ्या कुठल्याच ड्राइव्हला नाही. सहा वर्षं सही करून आम्ही लॉकरात नुसतं प्लॅस्टिक ठेवत होतो. सुदैवानं त्या दिवशी सर्व्हर धड होता, म्हणून मी आज पेन्शन खातोय.

तेव्हा रामलिंगखिंडकर, जागा कुठली ते नंतर बघू. तुम्ही तुमच्या शनिवारच्या डिस्कवरून कधी सगळा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उभा केलाय का? एकदा तरी?

३-२-१ चा नियम ऐकला असेलच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर. हल्ली त्याला पुढं १ आणि ० जोडतात. एक प्रत कुणालाच बदलता न येणारी, आणि परत उभं करून बघताना शून्य चुका. मला विचाराल तर शून्यापासून सुरुवात करा.

शिवाय मंडळाला दोन प्रश्न विचारा, मराठीत. एक, किती वेळाचं काम पुसलं गेलं तर आपण निभावून नेऊ? दोन, काउंटर किती वेळ बंद राहिलेलं चालेल? इंग्रजीत त्यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात, पण आरटीओ म्हटलं की अध्यक्ष लायसन्सबद्दल विचारतील.

---

रामलिंगखिंडकर | १५ मे, रात्री १०:२०

काका, खरं सांगतो, एकदाही नाही.

पहिल्या प्रश्नावर बसल्या बसल्या विचार केला आणि अंगावर काटा आला. आमच्या पिग्मी एजंटांच्या हातातली मशिनं संध्याकाळी सहा ते सात ऑफिसात येतात, कलेक्शन सर्व्हरवर चढतं आणि मशीनची मेमरी रिकामी होते. बॅकअप सुरू होतो रात्री अकराला. म्हणजे सात ते अकरा त्या दिवसाची सगळी पिग्मी एकाच डिस्कवर. ती गेली तर पुरावा फक्त दुकानदारांच्या खिशातल्या पावत्यांचा. खडेबाजारातल्या प्रत्येक दुकानात जाऊन "काका, आज किती भरले होते?" म्हणून विचारायचं. कोण कमी सांगेल?

---

पुण्यातला_अनगोळकर | १६ मे, सकाळी ११:४०

माझं काम ह्याच क्षेत्रातलं, म्हणून आकडे देतो.

पिग्मीचं उत्तर सोपं आहे. डेटाबेस फुल रिकव्हरी मोडमध्ये टाका (त्यात प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, जपला जातो), आठवड्याला एक पूर्ण प्रत, रोज रात्री फरकाची प्रत, आणि दर १५ मिनिटांनी लॉगची प्रत. लॉगची फाइल छोटी असते, लगेच बाहेर जाते. सात वाजताची लॉग प्रत बाहेर पोचल्याशिवाय मशिनं रिकामी करायची नाहीत, एवढा नियम एजंटांच्या टेबलावर चिकटवा. डेटाबेसची चालू फाइल नुसती कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. एकतर ती होणार नाही, किंवा अर्धवट होईल आणि झाल्यासारखी दिसेल.

वेग: तुमचे ६४० जीबी ५० एमबीपीएसवर चढवायला साधारण २८ तास. ऑफिस बंद असताना रात्री दहा-दहा तास चालवलं तर तीन रात्री. रोजचे ३ जीबी आठ मिनिटांत. म्हणजे क्लाऊड तुम्हाला झेपतो. पण उलटा हिशोबही मांडा: सगळं १०० एमबीपीएसवर खाली आणायला १४ तास. म्हणून आधी ४० जीबीचा डेटाबेस आणायचा, काउंटर सुरू करायचं, कागदपत्रं मागून.

गूगल ड्राइव्हबद्दल संचालकांना नम्रपणे सांगा: सिंक म्हणजे बॅकअप नाही. इथं फाइल पुसली की तिथंही पुसली जाते, इथं व्हायरसनं कुलूप घातलं की तिथंही कुलूपबंद फाइल पोचते. रेडचंही (एकच माल दोन-तीन डिस्कांवर एकदम लिहायची सोय) तेच. ती डिस्क मेल्यावर कामाला येते, चूक झाल्यावर नाही.

क्लाऊडवर ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे फायलींसाठी भाड्याची जागा, घ्या आणि त्यावर ऑब्जेक्ट लॉक लावा, कम्प्लायन्स प्रकारातला. मग ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत कुणालाही पुसता येत नाही, तुमच्या मुख्य खात्यालासुद्धा. आधी दोन दिवसांची मुदत लावून बघा, कारण चुकून दहा वर्षं लावलीत तर दहा वर्षं भाडं भराल. मुदत किती? व्हायरस आत शिरून आठवडे गप्प बसतो, तेव्हा फक्त कालची प्रत असून भागत नाही. रोजच्या १४, आठवड्याच्या ८, महिन्याच्या १२ आणि प्रत्येक ३१ मार्चची एक, असं काहीतरी.

---

बोलून_मोकळा | १६ मे, दुपारी १२:१५

आणि सभासदांची माहिती परदेशात? आपला पैसा, आपली कागदं, ठेवायची कुणाच्या दारात? उद्या त्यांनी खातं बंद केलं तर?

---

पुण्यातला_अनगोळकर | १६ मे, दुपारी १२:४०

परदेशात जायची गरजच नाही. ॲमेझॉनची केंद्रं मुंबईत आणि हैदराबादला आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात आणि चेन्नईतही, गूगलची मुंबईत आणि दिल्लीत. खातं उघडताना प्रदेश निवडायचा असतो, आणि तो लक्ष देऊन निवडायचा, नाहीतर माल अमेरिकेतसुद्धा जाऊ शकतो. पाठवण्याआधी आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट करा, किल्ली आपल्याकडं. मग दार कुणाचंही असू दे. तुम्ही हैदराबाद घ्या, घाटाचा पाऊस तिथवर जात नाही.

खातं बंद पडायची भीती मात्र रास्त आहे. म्हणून सगळंच क्लाऊडवर नको, हातात धरता येणारी एक डिस्क हवीच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली, एक अख्खी इमारत गेली. ज्यांचा सर्व्हर तिथं आणि बॅकअपही त्याच आवारात, त्यांचं दोन्ही गेलं. ती मंडळीही क्लाऊडवरच होती.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनला सरकारी डेटा केंद्र पेटलं. आग कशाला लागली? यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्यांना. सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था होती, ८५८ टीबी. तिची बाहेर प्रतच नव्हती. कारण काय दिलं, तर आकार फार मोठा. तुमचा यूपीएस जिन्याखाली सर्व्हरच्या मांडीला मांडी लावून बसलाय ना, तो आधी हलवा.

---

जांबोटीचा_पाऊस | १६ मे, रात्री ८:०५

तुम्ही सगळे फायबरवर गप्पा मारुलासा. आमच्याकडं खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात दोन-दोन दिवस करंट नाही, मग कसला क्लाऊड नि कसलं काय. आमच्या सोसायटीत अजून रोजकीर्द हातानं लिहून ठेवतो. मास्तर म्हणतात, शाईला चार्जिंग लागत नाही.

पण करंट जाण्याचा फायदाही ऐका. २०१७ च्या जूनमध्ये मर्स्क ह्या जहाज कंपनीवर नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला. जगभरचे त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची वही सांभाळणारे सर्व्हर, झटक्यात गेले. एक वाचला, आफ्रिकेत घानामध्ये. का? त्या वेळी तिथली वीज गेलेली, त्यामुळं तो नेटवर्कवर नव्हता. त्या एकावरून पुढचं सगळं उभं केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगनं तारलं!

---

उद्यमबाग_सीएनसी | १६ मे, रात्री ८:२०

हाच तर मुद्दा की. लावलेली नसलेली डिस्क पाहिजे.

---

डीटीपी_वहिनी | १७ मे, सकाळी १०:३०

मला सर्व्हरमधलं काही कळत नाही, पण कागदपत्रांचं कळतं. मराठी नोटिसा श्रीलिपीत आणि सरकारी खात्याकडं जायची कन्नड पत्रं नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये केलेली असणार ना तुमच्याकडं? जुनी तरी असणारच. आमचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा सगळ्या फायली व्यवस्थित आल्या, उघडल्या तर आत किडेमकोडे. फॉन्टच नव्हते. श्रीलिपीला तर मागं खोचायचं डोंगल लागायचं, ते जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलं. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका "वाचल्या" पण वाचता येईनात.

फॉन्ट, डोंगल, सॉफ्टवेअरच्या सीडी, लायसन्सचे कागद ह्यांचीही प्रत ठेवा.

---

टेपवाले_काका | १७ मे, सकाळी १०:४५

वहिनी, तुम्ही म्हणता सर्व्हरमधलं कळत नाही. आख्ख्या धाग्यात हे एकालाही सुचलं नव्हतं.

---

रामलिंगखिंडकर | ७ जून, रात्री ११:३०

तीन आठवडे गायब होतो. अहवाल देतो. लांब आहे, चहा घेऊन बसा.

बैठकीत मार्कंडेय_पार ह्यांचा उभा-आडवा कागद मांडला. इतर काही कुणी नीट ऐकलं नाही, पण निपाणीसमोर पुराच्या रकान्यात फुली बघून अध्यक्ष गप्प झाले. २०१९ ला ते स्वतः संकेश्वरात तीन दिवस अडकले होते. मंजुरी मिळाली.

ठरलं ते असं. नॅस नवा, पहिल्या मजल्यावर, वेगळ्या यूपीएसवर, ओढून नेणारा. हैदराबादला ऑब्जेक्ट लॉकसह क्लाऊड, ३५ दिवसांची मुदत. आणि दोन एन्क्रिप्ट केलेल्या डिस्का आळीपाळीनं आमच्या धारवाड शाखेच्या तिजोरीत. धारवाड-हुबळी मोठ्या नदीकाठी नाही हे खरं, पण वाटेत एम. के. हुबळीला मलप्रभा आडवी येतेच. तेवढं चालवून घेतलं, कारण त्या दिवसांत क्लाऊड आहे. डिस्क शाखेचा माणूस बसनं घेऊन जातो, तिकीट संस्थेचं. तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन बसतो.

आता काकांचं शून्य. एका रविवारी एक जुना कॉम्प्युटर घेतला, सर्व्हर बंद आहे असं समजलो आणि सकाळी आठला सुरुवात केली.

८:००. क्लाऊडच्या खात्यात शिरताना ओटीपी मागितला. तो गेला आमच्याकडची नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर, कारण संस्थेच्या कॉमन मेलला त्याचाच नंबर जोडलेला. तो गोव्यात, झोपलेला. ९:१० ला उठला. भला माणूस, ओटीपी दिला, वर विचारलं, "सर, बोनस?"

९:१५. डेटाबेस उतरायला लागला. तास लागला, हिशोबाप्रमाणेच.

१०:४०. पूर्ण प्रत, मग लॉगच्या फायली ओळीनं. एक लॉग फाइल मधली नाही! शोधाशोध. ती मीच मंगळवारी, क्लाऊडवर चढायच्या आधीच, "जागा खाते" म्हणून सर्व्हरवरून हातानं काढलेली. साखळीतली एक कडी गेली की पुढच्या सगळ्या निरुपयोगी. मंगळवार दुपारपर्यंतचाच डेटाबेस उभा राहिला असता. सुदैवानं नॅसवर ती फाइल होती.

१२:३०. डेटाबेस उभा! बायकोला फोन करून सांगितलं. मग कॅशियरच्या नावानं लॉगिन केलं तर आत घेईना. कुणालाच घेईना. दोन तास घालवल्यावर कळलं की लॉगिनं आपल्या डेटाबेसमध्ये नसतात, मास्टर नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात आणि त्याची प्रत आम्ही कधी घेतलीच नव्हती. आतले सगळे वापरकर्ते अनाथ झालेले.

३:००. लॉगिनं पुन्हा जोडली. आता बँकिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं लायसन्स दुसऱ्या मशीनचं आहे. कंपनीला फोन. रविवार. सोमवारी ११ ला उचलला.

म्हणजे काउंटर बंद राहण्याचा वेळ: कागदावर ४ तास, प्रत्यक्षात २७.

---

पुण्यातला_अनगोळकर | ८ जून, सकाळी ९:००

लाजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरनं दमलेल्या रात्री चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. मग एकेक बॅकअप बघायला गेले. रोजच्या प्रती ठेवायची जागा रिकामी. प्रत घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं होतं, रोज अपयशी होत होतं आणि अपयशाच्या मेल त्यांच्याच मेल व्यवस्थेनं परत पाठवलेल्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर उभं राहिले. सहा तासांचं काम गेलं.

त्यामुळं "बिघडलं तर मेल येईल" असं लावू नका. "झालं" ची मेल रोज यायला हवी आणि ती नाही आली की चिंता करायची. मास्टर आणि शेड्यूल ठेवणारा एमएसडीबी, दोन्हींची प्रत घ्या. ३१ मार्चनंतर आणि गणपतीआधी, वर्षातून दोनदा हाच रविवार पुन्हा करा.

---

मार्कंडेय_पार | ८ जून, सकाळी ९:३०

गणपतीआधी का ते नवख्यांसाठी: विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीसाठी वरच्या तारा उचलतात, कधी कापतात. आमच्या गल्लीत दोनदा फायबर गेलेली.

---

रामलिंगखिंडकर | ८ जून, रात्री १०:००

एक शेवटचा गुंता राहिलाय. एन्क्रिप्शनची किल्ली. ती हरवली तर हैदराबाद काय नि धारवाड काय, सगळं दगड. सध्या फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि मी रोज स्कूटरवरून गर्दीतून येतो-जातो. कुठं ठेवू?

---

टेपवाले_काका | ८ जून, रात्री १०:२५

कागदावर. मोठ्या अक्षरात, शून्य आणि ओ वेगळे कळतील असे. दोन लिफाफे, लाखेचं सील, वर दोघांच्या सह्या. एक दुसऱ्या बँकेच्या लॉकरात, एक धारवाडला, पण डिस्क असलेल्या तिजोरीत नाही. सोबत एक पान: पहिला फोन कुणाला, मग काय, मग काय. तुम्ही त्या दिवशी नसाल असं धरून लिहा. कॅशियरच्या हातात देऊन बघा त्याला जमतं का. आणि ओटीपीचा नंबर संस्थेच्या नावाच्या सिमवर घ्या, गोव्यातल्या पोराला सुखानं झोपू द्या.

---

रामलिंगखिंडकर | १४ जून, रात्री ९:१५

केलं काका. दोन्ही लिफाफे पोचले, सिम घेतलं, पान लिहिलं. कॅशियरनं ते वाचून सातव्या ओळीला "म्हणजे काय?" विचारलं, ती ओळ बदलली.

फक्त अध्यक्षांनी ऐकलं नाही. "मला माहीत नको का?" म्हणून किल्ली स्वतःच्या डायरीत उतरवून घेतली. ती डायरी ते प्रत्येक मीटिंगला आणतात आणि मीटिंग हॉलच्या टेबलावर विसरून जातात. हॉल जिन्याला लागून.

---

टेपवाले_काका | १४ जून, रात्री ९:२२

आता मीटिंगा निपाणीला घ्या.

---

वेदगंगेकाठची | १४ जून, रात्री ९:३०

जुलैच्या आत घ्या.